डावा कौल

देवाचं आणि माझं त्या वर्षी पटत नव्हतं. देवाची काही तक्रार नसावी. तक्रार माझीच होती, आणि ती मी मनातल्या मनात रोज नव्याने मांडत होते. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आमच्या भावकीतली मी पहिलीच मुलगी. त्यामुळे कुणाच्या फोनवर बँकेचा मेसेज आला की लोक तो घेऊन माझ्याकडे यायचे, आणि माझ्या इंग्रजीचा उपयोग तेवढ्यावरच संपायचा. अशात एका संस्थेची जाहिरात वाचनात आली. परदेशातल्या खेडेगावांतल्या शाळांत वर्षभर इंग्रजी शिकवायला नुकते पदवीधर झालेले तरुण पाठवायचे, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च संस्थेने अनुदान म्हणून द्यायचा, अशी ती योजना होती. आपल्याला का शिकवायचंय हे पानभर लिहायचं होतं. ते मी इतकं खोडलं, इतकं पुन्हा लिहिलं, की शेवटी जे उरलं ते बहुधा खरंच असावं. अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला, आणि मग आईला सांगण्यावाचून इलाज उरला नाही.

घरात आम्ही दोघीच. मी शाळेत असतानाच बाबा गेले. परंदवडीत आमची थोडी जमीन आहे, ती वाट्याने दिलेली असते, आणि आई जवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करते. मी बातमी सांगितली तेव्हा ती घरच्यासाठी कणीक मळत होती. "वर्सभर?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, वर्षभरच. मळून झालेली कणीक तिने पुन्हा मळायला घेतली. ती सरळ नको म्हणाली असती तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कुणाला ऐकत नाही हे ती चांगलं ओळखून आहे. म्हणून तिने माझ्या आवाक्याबाहेरचा माणूस मध्ये आणला. म्हणाली, "देवाला इचारू. त्यो म्हनंल तसं."

आमच्या गावी भैरवनाथाला कौल लावायची पद्धत आहे. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यात भिजवलेल्या तगरीच्या कळ्या चिकटवतात, मनातलं गाऱ्हाणं घालतात, आणि मग वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, नवी गाडी, सगळं त्या दोन कळ्यांवर ठरताना मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण गाभाऱ्यासमोर बसून शेवटपर्यंत कौल कधी पाहिला नव्हता. कॉलेजात गेल्यावर तर पाणी सुकलं की कळी पडणारच, त्यात देवाचा काय संबंध, असं माझं ठाम मत झालं होतं. तरीही मी कबूल झाले. कारण लबाडीचं होतं. आईशी थेट बोलले असते तर नकारच आला असता. कळ्यांमध्ये निदान निम्मी संधी होती.

गुरवबाबांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाले, "बसा निवांत. देवाचं सवडीनं व्हतंय." बाहेर दुसरं कुणी नैवेद्य घेऊन आलं होतं, त्यांच्याकडे ते गेले. आम्ही दोघी उंबऱ्याशी बसून राहिलो. समईच्या उजेडात देवाचे चांदीचे डोळे तेवढे दिसत होते. मी विश्वास नाही म्हणत म्हणत श्वास रोखून बसले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. आणि मग माझ्या डाव्या हाताची कळी अलगद सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"डावा पडला," मी म्हटलं. "झालं तुझ्या मनासारखं." आई काही बोलली नाही. ती देवाकडे बघत होती. ती हात जोडेपर्यंतही मी थांबले नाही, चपला पायात सरकवून तडक घरी आले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आई आणि मी एकमेकींशी मोजकं बोलायचो. मला राग आला होता, आणि गंमत म्हणजे तो आईपेक्षा देवावरच जास्त होता. ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याच्यावर रागावणं हा वेडेपणा आहे हे मला समजत होतं, पण राग काही समजूतदार नसतो. देवळावरून जाताना मी मान वळवायचे. त्या रागाच्या भरात आईसुद्धा कामाला जाताना हल्ली देवळात शिरत नाही, नुसते कळसाला हात जोडून पुढे जाते, हे डोळ्यांना दिसत होतं आणि तरी मनात शिरत नव्हतं.

मग संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. लोणावळ्याला, तुंगार्लीतल्या एका बंगल्यात. मी ते आईला नुसतं वाचून दाखवलं, जायचं म्हणून नव्हे, थोडं टोचावं म्हणून. ती म्हणाली, "मग जा की. परीक्षेला जाऊ नगं असं कुटं म्हटलंय देवानं? बोलावलंय तर जाऊन यावं मानसानं." त्या दिवशी तिने पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि माझ्या ओढणीची चुणी सरळ केली. ही नुसती माझी समजूत घालतेय असं वाटून मी आणखीच घुम्यासारखी निघाले.

बंगल्याच्या दिवाणखान्यात एक सर आणि एक मॅडम बसले होते. प्रश्नोत्तरं झाली, ती बरी गेली. मग म्हणाले, आता शिकवून दाखवा. समोर विद्यार्थी म्हणून त्या बंगल्यात आणि आसपास कामाला येणाऱ्या मावश्या, माळीकाका असे सहा-सात जण सतरंजीवर बसवले होते. अट एकच, मराठीचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. मी रस्ता विचारण्याचा धडा तयार करून गेले होते, त्यामुळे सुरुवात 'राइट' आणि 'लेफ्ट'पासून. किती सोपं. मी उजवा हात वर केला आणि म्हटलं, राइट. सगळ्यांनी मला बघून हात वर केला, डावा. मी मान हलवली, पुन्हा उजवा हात वर केला, अधिक मोठ्याने राइट म्हटलं. आता काहींचा उजवा, काहींचा डावा, एका मावशीचे तर दोन्ही. सगळी हसायला लागली, मग लाजली, मग गप्प झाली. त्यांचा गप्पपणा मला सहन झाला नाही. मोठी माणसं माझ्यामुळे खालमानेने बसली होती, आणि मला मराठीत बोलायची बंदी होती. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. त्या क्षणी मी मनात फक्त "देवा" म्हटलं. त्यात मागणं नव्हतं, विश्वासही फारसा नव्हता. ठेच लागल्यावर आई गं म्हणतो ना, तसं ते निघून गेलं.

तेवढ्यात मागे बसलेली एक वयस्क मावशी म्हणाली, "बाय, मला काय उमगंना. माजा हात धरून दाव."

मी पुढे गेले. सतरंजीवर तिच्या शेजारी, तिच्या अंगाला अंग लावून बसले, तिचं तोंड होतं तिकडेच माझंही तोंड करून. तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला. राबून राबून खरखरीत झालेला तो हात होता. तो वर केला आणि हळू म्हटलं, राइट. "राइट," मावशी म्हणाली. मग मी उठले, समोर गेले आणि या वेळी सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिले. माझा उजवा तोच त्यांचा उजवा झाला. दहा मिनिटं संपली तेव्हा ती मंडळी मला दारापर्यंतचा रस्ता इंग्रजीत सांगत होती आणि एकमेकांच्या चुका काढत होती.

मुलाखत आटोपल्यावर मी मावशीचे आभार मानायला स्वयंपाकघरात गेले. ती लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, मावशी, तुम्ही मला वाचवलंत. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "म्या काय केलं? मला खरंच उमगत न्हवतं, म्हून म्हटलं." मदत करायला म्हणून ती बोललीच नव्हती. तिला अडलं होतं, तिने हात पुढे केला, आणि त्यात माझी सोडवणूक झाली. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी तिच्या पाया पडले, आणि ती आणखीच गोंधळली.

परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली. मळवलीच्या पुढे-मागे लोहगड दिसतो. सकाळी जाताना तो माझ्या डाव्या हाताला होता. आता उजव्या हाताला आला होता. गड काही हलला नव्हता, माझंच तोंड फिरलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि एकदम अंगावर काटा आला. देव आपल्याकडे तोंड करून उभा असतो. मग माझ्या डाव्या हाताची कळी, ती देवाच्या कुठल्या खांद्यावरची?

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला भक्ती वगैरे दाटून आली नाही. मला आनंद झाला तो वकिलाला कायद्यातली फट सापडल्यावर होत असेल तसा. आता आईला बघतेच, असं मी ठरवलं. पण आधी निकाल तर लागू दे, म्हणून दम धरला. काही दिवसांनी निकाल आला. माझी निवड झाली होती.

आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि निवडीचं न सांगता आधी माझा मुद्दा काढला. "आई, देव आपल्याकडे तोंड करून उभा आहे ना?"

"मग?"

"मग त्याचा उजवा खांदा आपल्या कुठल्या हाताला येतो?"

"डाव्या," आई म्हणाली. इतकं पटकन म्हणाली की माझी पुढची सगळी वाक्यं तोंडातच राहिली. तिचा सुपातला हात थांबला होता.

"तुला माहीत होतं?"

"लगीन हून आले तवापासनं कौल बगते मी. मला ठावं नसंल व्हय?" मग तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तू म्हनलीस डावा, आन् मी गप ऱ्हायले. म्हटलं, ऱ्हाईल पोरगी हितंच. देवानं व्हयच म्हटलं व्हतं गं. न्हाई मी म्हटलं. तवापासनं त्याच्याकडं वर बगवंना मला. मग तुला परीक्षेचं बोलावनं आलं, तवा वळखलं, ह्यो काय गप बसनार न्हाई."

मला रडू आलं. मी किती दिवस एका नकारासाठी देवावर रुसले होते, जो त्याने दिलाच नव्हता; आणि आई त्याचा होकार एकटीने पोटात घेऊन वावरत होती, दशम्या करत होती, माझी ओढणी सरळ करत होती. सापडलेली फट, तयार केलेला युक्तिवाद, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी तिला म्हटलं, आई, निवड झाली. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "तितं तांदूळ खात्यात का?"

खातात. मी हे व्हिएतनामच्या डोंगरातल्या एका लहान गावात बसून लिहिते आहे. खिडकीतून भाताची खाचरं दिसतात आणि मावळची आठवण येऊन कधी कधी काही सुचत नाही. कळी पाणी सुकल्यामुळे पडली की देवाने पाडली, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ते ठरवायची घाईही आता उरलेली नाही. एवढं मात्र समजलं, की मी माझ्या जागेवरून जे नाही म्हणून वाचते ते समोरच्याने नाही म्हणून लिहिलेलं असतंच असं नाही. पूर्वी मला प्रत्येक गोष्टीचा निकाल तिथल्या तिथे हवा असे. आता न कळलेलं तसंच त्याच्या पायाशी ठेवून कामाला लागता येतं. ज्याला शरण जाणं म्हणतात ते एवढंच असेल, तर ते मला थोडंसं जमायला लागलं आहे, आणि त्याबद्दल मी त्याची, त्या मावशीची आणि माझ्या आईची ऋणी आहे.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. आईने बऱ्याच दिवसांनी देवाच्या डोळ्यांना डोळा दिला. गुरवबाबांनी विचारलं, काय इचारायचंय का? तिला एकटीला टाकून जाताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी म्हटलं, आई, कौल लावू या का, तू इथे नीट राहशील ना म्हणून? तिने माझा हात धरला आणि घट्ट दाबला.

"नगं," ती म्हणाली. "इचारलं की त्यो सांगतो. मग आयकावं लागतं."