लाल मातीवरचे ठसे

कसबा बावड्याकडच्या शाळेत मुलीच्या टेनिसच्या सरावाला रोज जाऊन बसायचो, तेव्हा तो माणूस दिसायचा. लाल मातीच्या कोर्टावर पाणी मारायचा, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायचा. उजवा हात कोपरातून सरळ होत नसे. मुली खेळत असताना तो खाली मान घालून बसे.

एकदा सराव संपल्यावर त्यानं मला हाक मारली.

"पावणं, हिकडं या की."

कोपऱ्यात रेघेच्या आत चेंडूचे पंधरा-वीस ठसे होते, सगळे एका ताटात मावतील एवढ्या जागेत.

"वेणीवाल्या पोरीचा बॅकहँड. आवाजावरनंच वळखलं."

ती कनिष्ठ संघातली राखीव मुलगी. सर तिच्याकडं बघतही नसत.

"मग सरांना सांगा की!" मी म्हणालो.

"न्हाय. तुमीबी सांगू नगासा. मला बी एकानं असंच सांगितलंतं, हात लई चांगलाय म्हणून. त्या नादात शाळा सुटली, खेळून खेळून हात गेला. आता हितंच माती वडतोय."

"बरं, नाही सांगत," मी म्हणालो. त्यानं ओलं पोतं ओढून ठसे पुसून टाकले.

आठवड्यानं सर मला म्हणाले, "तुम्ही रोज बघता. राखीव मुलींत कुणी बरी वाटते का?"

मी नाही म्हणालो. मुख्य संघात एकच जागा उरली होती आणि मला ती माझ्या मुलीसाठी हवी होती.

निवडीची यादी लागली त्या दिवशी त्या माणसानं मला डाव्या हातानं रामराम केला.

"शब्द पाळलासा, पावणं."