दाखवासाहेब

दाखवासाहेबांचा कागदावर विश्वास नव्हता. ज्या माणसाचा सगळा जन्म कागद तपासण्यात गेला, त्याच्याबद्दल हे म्हणणं विचित्र वाटेल, पण ते खरं आहे. लष्कराच्या खर्चाचं ऑडिट करणाऱ्या आमच्या नागपूरच्या ऑफिसात बाकीचे अधिकारी बिलं बघत, बिलांवरच्या सह्या बघत, सह्यांखालचे शिक्के बघत आणि समाधानानं जेवायला जात. साहेब एवढं सगळं बघून झालं की चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याला म्हणत, "हे झालं. आता वस्तू दाखवा." आसपासच्या डेपोंमध्ये त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. गेटवरचा जवान आत फोन करून दाखवासाहेब आल्याची वर्दी देई, आणि मग आत जी धावपळ उडे तेवढी शत्रू आला असता तरी उडाली नसती.

ही खोड घरीही होती. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ताप आलाय म्हटलं, तर स्वतः कपाळाला हात लावून पाहिल्याशिवाय त्यांना तो मंजूर नसे. मुलीसाठी स्थळ आलं, मुलगा इंजिनिअर आहे असं मध्यस्थानं सांगितलं, तेव्हा साहेबांनी पोहे येण्याआधीच घरातला बंद पडलेला मिक्सर त्याच्यापुढे ठेवला. मुलगा कॉम्प्युटरवाला होता. तरीही बिचाऱ्यानं स्क्रू उघडले. लग्न जमलं, मिक्सर मात्र कायमचा गेला. जावयानं प्रयत्न केला हे साहेबांना पुरलं होतं. निदान तो "मला येतं" असं म्हणाला नव्हता.

मी काटोलची. घरी संत्र्याचा बगीचा, वडिलांना मुलगी सरकारी नोकरीत लागल्याचं अप्रूप, आणि मला लष्करी गणवेशाची भीती. मला साहेबांच्या हाताखाली टाकलं तेव्हा सगळ्यांनी माझी कीव केली. पहिल्याच दौऱ्यात एका कर्नलसाहेबांनी मोठ्या आवाजात काही विचारलं आणि माझ्या हातातली फाईल निसटली. परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "काहून भिऊन राहिली वं? त्याची बंदूक शत्रूसाठी आहे. आपल्यासाठी त्याच्यापाशी फक्त काजू असतात."

ते काजूंचं खरंच होतं. ऑडिट पार्टी आली की प्रत्येक ठिकाणी चांदीसारख्या चकाकणाऱ्या वाडग्यातून काजू येत. आमच्या ऑफिसातल्या काहींनी तर कुठल्या युनिटचे काजू मोठे आणि कुठले खवट, याचा अभ्यास केला होता. साहेब स्वतःच्या थर्मासमधला चहा पीत आणि काजू आले की अगदी निरागस चेहऱ्यानं विचारत की हे खर्चाच्या कोणत्या हेडखाली येतात. वाडगा परत जाई. आम्हा हाताखालच्यांना तो जाताना पाहून फार दुःख होई, कारण त्यांच्या तत्त्वांची किंमत आमच्या पोटाला मोजावी लागे.

एका छावणीत कागदोपत्री "अग्निशमनासाठी जलसाठा" बांधला होता. आम्ही पाहायला गेलो, तर निळ्या फरशीचा तलाव, भोवती रंगीत छत्र्या, आणि एका टोकाला पाण्यात उडी मारायची फळी. साहेब त्या फळीखाली बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी बरोबरच्या मेजरला विचारलं, "या फळीवरून कोण उडी मारते? आग?" मेजर म्हणाले की जवानांच्या सरावासाठी आहे. साहेबांनी जवान दाखवा म्हटलं. तेव्हा तिथे फक्त एका ब्रिगेडियरसाहेबांच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या दोन मैत्रिणी सराव करत होत्या. मग साहेबांनी या पाण्यानं आग विझवून दाखवायला सांगितलं. अग्निशमनाची गाडी आली, पाइप सोडला, तो जवळच्या इमारतीपर्यंतही पोचला नाही. साहेबांनी अहवालात कडक पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, लिहिला. पुढच्या वर्षी उत्तर आलं की ऑडिटच्या सूचनेनुसार लांब पाइप आणि नवा पंप खरेदी करण्यात आला आहे, सबब आक्षेप निकाली काढावा. तो निघालाही. साहेबांच्या कडकपणामुळे सरकारचा खर्च वाढल्याचं हे एकच उदाहरण नव्हे.

दुसरीकडे अतिथिगृहाचे पडदे तातडीच्या अधिकारात घेतले होते. तातडीचा अधिकार म्हणजे लढाई, पूर, भूकंप अशा वेळी टेंडर न काढता माल घेण्याची मुभा. साहेबांनी तातडी काय होती असं विचारलं, तर बाब गोपनीय असल्याचं लेखी उत्तर मिळालं. त्यांनी त्याच कागदाखाली लिहून विचारलं की शत्रू नेमक्या कोणत्या खिडकीतून पाहत होता. या वाक्याबद्दल त्यांना वरून ताकीद मिळाली. पडद्यांबद्दल कोणालाच काही मिळालं नाही. दोन दिवसांनी साहेब मला म्हणाले की पडदे मात्र सुंदर होते, खोटं काहून बोलायचं.

हे सगळं गमतीचं होतं, म्हणजे आम्ही ते गमतीचं समजत होतो. साहेबांना निवृत्त व्हायला थोडे महिने उरले होते. ऑफिसनं त्यांना सांभाळून राहायला सुचवलं होतं. मे महिन्यात आम्ही एका डेपोत गेलो. तिथे बर्फाळ चौक्यांवरच्या जवानांसाठी घेतलेल्या स्लीपिंग बॅगांचे गठ्ठे रचले होते. तपासणीचा दाखला होता, त्यावर सगळ्या सह्या होत्या, कितीही थंडी सोसेल असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी एक बॅग उलगडली, हातानं दाबली, मग उभी धरून झटकली. आतलं भरण सरकल्याचं मलाही दिसलं. त्यांनी थंडीत ही कशी वागते ते दाखवा म्हटलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. स्टोअरचे अधिकारी खो खो हसले. नागपुरात मे महिन्यात थंडी मागणारा ऑडिटर त्यांनी प्रथमच पाहिला होता. खरं सांगायचं तर मीही हसले.

हसला नाही तो तिथला हवालदार. मौद्याचा होता, बरीच वर्षं वर चौक्यांवर काढून आता हलक्या कामावर डेपोत आलेला. आम्ही जीपपाशी पोचलो तेव्हा तो मागून आला, कडुनिंबाच्या सावलीत टेकला आणि एक बूट काढला. मोजा काढला. पायाची दोन बोटं नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "माझीबी बॅग पासच होती."

त्यानं पुन्हा बूट घातला, सॅल्यूट केला आणि आत गेला. आम्ही निघालो. नागपूर जवळ आल्यावर साहेबांनी विचारलं, "तुझ्या ओळखीत कोणाचं बर्फघर आहे का वं?"

होतं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मावसभावाचं कोल्ड स्टोरेज होतं. त्यात एक खोली मटार आणि आइसक्रीम गोठवून ठेवायची. साहेबांनी डेपोला रीतसर पत्र देऊन एक बॅग नमुना म्हणून मागितली. डेपोनं ती हसत हसत दिली. मला वाटलं, साहेब बॅगेत थर्मामीटर ठेवणार. रविवारी ते काकूंना घेऊन कळमेश्वरला आले. काकूंच्या हातात माकडटोपी होती आणि चेहऱ्यावर संताप. साहेब स्वतः आत झोपणार होते.

मावसभाऊ हात जोडू लागला. त्याला साहेबांच्या जिवाची आणि आपल्या लायसनची सारखीच काळजी होती. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या माणसानं मटारच्या पोत्यांमध्ये झोपू नये, हे मीही सांगून पाहिलं. साहेब म्हणाले की थर्मामीटरचा आकडा म्हणजे पुन्हा कागदच. मग ते टोपी घालून बॅगेत शिरले, आम्ही चेन ओढली आणि दार लोटलं. काकू दारावर थाप मारायच्या, आतून साहेब थाप ऐकून ओरडायचे. आधी खणखणीत "आहे" असं ऐकू यायचं. मग ते बारीक झालं. मग एका थापेला उत्तरच आलं नाही, आणि काकूंनी कोणालाही न विचारता दार उघडलं.

आम्ही त्यांना ओढत अंगणात आणलं. ओठ जांभळे पडले होते. त्या भर उन्हात, जिथे हमाल सावली शोधत होते, साहेब उभे राहून थडथड कापत होते. एका हमालानं आपला चहा पुढे केला. साहेबांना दुसऱ्याचा चहा पिताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बॅग उलगडली तर सगळं भरण पायाकडे गोळा झालं होतं, छातीवर नुसतं कापड.

काकू रडत होत्या आणि भांडतही होत्या. "सरकारनं तुम्हाले मरायचा पगार नाही देल्ला," त्या म्हणाल्या.

साहेबांचे दात वाजत होते. तरी ते म्हणाले, "त्या पोराहिले देल्ला का?"

काकूंनी पदरानं त्यांचे हात चोळायला सुरुवात केली.

साहेबांनी पॅरा लिहिला. "सदर बॅगेत लेखापरीक्षकाने स्वतः झोपून पाहिले असता" अशी त्याची सुरुवात होती. आमच्या ऑफिसात ती मोठ्यानं वाचली गेली आणि कित्येक दिवस लोक एकमेकांना घोरून दाखवत होते. यथावकाश खुलासा आला. ऑडिटर हा तांत्रिक माणूस नसल्यानं त्याचं थंड पडणं ग्राह्य धरता येत नाही. मटारसाठीची थंडी आणि सीमेवरची थंडी यांत फरक आहे. आणि नमुन्याची बॅग वापरली गेल्यामुळे ती आता नवी म्हणून जवानाला देता येणार नाही, तेव्हा तिची किंमत संबंधिताकडून वसूल करावी. या साऱ्या प्रकरणात जबाबदारी निश्चित झाली ती एका माणसावर, आणि तो माणूस म्हणजे आक्षेप घेणारे साहेब. पुरवठादाराला कोणी बोललं नाही, दाखल्यावर सह्या करणाऱ्यांची त्या काळात बढती झाली.

पण हवालदाराचा फोन आला. डेपोतले गठ्ठे "प्रशासकीय कारणास्तव" गुपचूप परत गेले होते. जे आधीच वर पाठवले गेले होते त्यांचं काय झालं, ते मी लेखी विचारलं. उत्तर आलं की बाब गोपनीय आहे.

निरोपसमारंभात ज्यांनी ताकीद दिली होती त्याच वरिष्ठांनी साहेबांच्या निर्भीडपणावर भाषण केलं. शाल आणि नारळ दिला. साहेबांनी शाल दोन बोटांत धरून पाहिली आणि काही बोलले नाहीत, एवढाच त्यांनी त्या दिवशी ऑफिसचा मान राखला. बॅगेची वसुली त्यांच्या निवृत्तीच्या रकमेतून झाली. पाठोपाठ एक परिपत्रक निघालं. लेखापरीक्षकांनी तपासणीतल्या वस्तूंचा स्वतःच्या अंगावर वापर करू नये. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी यंत्रणेत घडवून आणलेली सुधारणा म्हणाल, तर ती ही एवढीच.

साहेबांच्या निवृत्तीनंतर मी अधूनमधून मानेवाड्याकडच्या त्यांच्या घरी जायची. एकदा मोठ्या उत्साहानं बातमी घेऊन गेले. बॅगांचं नवं टेंडर निघत होतं आणि त्यात नवी अट आली होती. माल घेण्याआधी थंड खोलीत माणूस झोपवून चाचणी करायची. त्या अटीवर आमच्या ऑफिसचा अभिप्राय मागवला होता आणि तो लिहायचं काम माझ्याकडे होतं. मला वाटलं, साहेब खुलतील. ते तेव्हा थकले होते, बोलताना धाप लागायची. त्यांनी विचारलं, कोण झोपणार. मी म्हटलं, कंपनीचा एखादा कामगार झोपेल.

साहेबांनी मान हलवली. "नाही वं. मालकाले झोपव. आन् दाखल्यावर सही करन त्याले, बाजूले."

काकू आतून हसल्या. साहेब हसले नाहीत.

मी तसंच लिहिलं, शुद्ध सरकारी मराठीत: चाचणीच्या वेळी पुरवठादार संस्थेचा मालक व प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करणारा अधिकारी यांनी स्वतः बॅगेत झोपावे. फाईल परत आली, समासात एक उद्गारचिन्ह होतं, बाकी काही नाही. साहेब त्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या तेरवीहून परतल्यावर मी ती शिफारस पुन्हा वर पाठवली. तेव्हापासून दर खरेदीच्या वेळी पाठवते. ते "विचाराधीन" लिहितात, नवे आलेले अधिकारी मला बोलावून समजावतात, एकदोघांनी बदलीचंही सुचवून पाहिलं. मध्यंतरी एकानं फोन करून फारच गोड आवाजात विचारलं, "मॅडम, हा मुद्दा आता बंद करूया का?"

मी म्हटलं, करूया की. तुम्ही कोणत्या दिवशी झोपायला येता ते कळवा.