वाहते ते आणि चालते ते

माझ्या थोरल्या बहिणीने उभी हयात जीवशास्त्र शिकवण्यात घालवली. त्याबद्दल महाविद्यालयाने तिला निरोपाच्या दिवशी एक भिंतीवरचे घड्याळ दिले, जे महिन्याभरात बंद पडले; आणि विद्यार्थ्यांनी ‘थेंबबाई’ हे नाव दिले, जे टिकले. काचेवर पाण्याचा थेंब टांगून त्यातले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्यात तिचा हातखंडा होता.

चलनशीलता हा तिचा जिव्हाळ्याचा शब्द. लोक तो कोणत्याही हालचालीला लावतात. पाठ्यपुस्तके लिहिणारे विद्वानही त्यात मागे नाहीत. जिवाने स्वतःची शक्ती खर्चून स्वतः हलणे, एवढाच त्याचा अर्थ. थेंबात हलणारे सगळेच चलनशील नसते.

“ओढ्यात पडलेलं पान पोहतं का रे?” ती वर्गात विचारी.

“नाही बाई, वाहतं.”

“मग थेंबातले सगळे जंतू एकाच दिशेनं निघाले, तर काय समजायचं?”

“सहल!” मागच्या बाकावरून उत्तर येई.

ती हसे, आणि गुण कापी.

दाजी विजेचे मीटर वाचत दारोदार फिरत. “तुझ्या जंतूंपेक्षा मी जास्त फिरतो,” ते तिला चिडवीत, “पण मला मेलं कुणी भिंगातून बघत नाही.” पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ असे सांगून हात झटकले. शहराबाहेरच्या पुनर्वसन केंद्रात उपचार होते, पण तिथली खाट मिळण्यास अट होती: लुळ्या पायात रोग्याने आपणहून केलेली थोडी तरी हालचाल दिसली पाहिजे. ज्याला चालता येत नाही त्याने आधी हलून दाखवावे, असा हा न्याय. ते न जमल्यास दाजींच्या वाट्याला उरलेला जन्मभर घरचे छत होते.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ताईने त्यांच्याखाली हवेची गादी घातली. पलंगाशी टांगलेला पंप दिवसभर घुमत राही आणि गादीचे कप्पे आळीपाळीने फुगवी.

आठवड्याभराने तिचा फोन आला. “अरे, पाऊल हललं! या डोळ्यांनी पाहिलं मी.”

मी गेलो. उजवे पाऊल सावकाश बाहेर झुकले, बऱ्याच वेळाने परत आले. ताईने त्या दिवशी कितीतरी दिवसांनी केस नीट विंचरले होते.

केंद्राचे डॉक्टर तपासायला आले ते घाईतच.

“आजोबा, पाय हलवा बघू.”

दाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. पाऊल हळूहळू झुकू लागले.

“वा! घेऊ आपण यांना. सोमवारी आणा.” डॉक्टरांनी नळी कानाला लावली. “हा पंप जरा बंद करा हो. छातीतलं काही ऐकू येत नाही.”

ताईने बटण दाबले. घुमणे थांबले. पाऊल अर्ध्यावरच थांबले.

छाती ऐकताना डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते. मी पाहिले ते ताईकडे. तिची नजर पावलावर खिळली होती, थेंबावर खिळे तशी. तिने पंप सुरू केला. पाऊल पुढे झुकले. बंद केला, थांबले. पुन्हा एकदा तेच.

“ताई, गप्प राहा,” मी तिच्या कानाशी म्हणालो.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “हे त्यांनी हलवलेलं नाही. गादी हलवतेय.”

डॉक्टरांनी स्वतः बटण दाबून पाहिले. “महिन्याभरानं पुन्हा बघू,” ते म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले.

जिन्यावरची पावले विरल्यावर मी संतापलो. “तुला कुणी विचारलं होतं? खाट मिळत होती!”

“आणि सोमवारी तिथं साध्या गादीवर निजवल्यावर?”

मी दाजींकडे वळलो. दाजींना सगळे ऐकू येत होते. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या. ते अजून पाय हलवू पाहत होते.

“पुरे हो,” ताई त्यांना म्हणाली, “गेले ते.”

मग जखमा होऊ नयेत म्हणून तिने पंप लावला आणि त्यांच्या पायांवर चादर ओढली.