विमानाची दोरी

वीस वर्षं मी हवाई दलात लढाऊ विमानांना बॉम्ब लटकवायचं काम केलं. गावात सांगितलं की लोक म्हणतात, "म्हंजे ट्रॉली भरल्यावानी!" डोकंच फिरतं. अहो, विमान एका देशाचं, बॉम्ब भलत्याच देशाचा, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. ह्याचा आकडा त्याच्या कडीत बसत नाही, ह्याची वायर त्याच्या सॉकेटात जात नाही, आणि वजनाचा तोल चुकला तर वैमानिकाच्या जिवाशी खेळ. मग मधे जोड तयार करायचा, आणि जमिनीवरच, खाली गाद्या अंथरून, बिनदारूचा बॉम्ब पुन्हा पुन्हा पाडून बघायचा. आमचे साहेब रोज बजावायचे, "लटकवेल कुणीही. वेळेला सुटला पाहिजे."

निवृत्त होऊन जवळा बाजार या मोठ्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात आलो आणि पहिल्याच रब्बीत थोरल्या भावाचं पेरणी यंत्र मोडलं. हरभरा पेरायचा होता, रानातली ओल रोज उडत होती. हट्टा गावच्या सोयऱ्यानं त्याचं यंत्र दिलं, पण ते मोठ्या ट्रॅक्टरचं, आमचा ट्रॅक्टर लहान. जोडायच्या पिना काही बसेनात. मी छाती फुगवून म्हणालो, "दादा, हे माझं काम."

दोन दिवस मी मापं घेतली, आकृत्या काढल्या, यंत्राचं वजन केलं. दादा रानातून मूठभर माती आणायचा आणि माझ्या कागदावरच ठेवायचा. "बघ, वाळून राहिली. तुहं विमान कवा उडणार?"

तिसऱ्या दिवशी बाजारातल्या वेल्डरकडून मधला सांगाडा करून घेतला. आता सवय कुठं जाते? मी त्याला खटका बसवला. दोरी ओढली की अख्खं यंत्र एका झटक्यात मोकळं. दोरी नव्हती, म्हणून ट्रॅक्टरवर पडलेलं म्हशीचं दावं बांधलं. मागं वजन भारी झालं, म्हणून ट्रॅक्टरच्या तोंडाला मातीची दोन पोती आवळली.

नेमका आठवडी बाजार. यंत्र मागं लटकवून गर्दीतून वाट काढत निघालो, तर ट्रॅक्टर चालवणाऱ्या दादानं विचारलं, "हे दावं कायचं?" आणि विचारता विचारताच ओढलं. धडाम! यंत्र रस्त्याच्या मधोमध. मिरच्यावाली बाई किंचाळली, कुणीतरी ओरडलं, "अरे, फौजीनं बॉम्ब टाकला!" आणि सगळा बाजार खो खो हसला. नशीब, कुणाला लागलं नाही. माझी अब्रू गेली, पण खोटं कशाला बोलू, मनातून बरंही वाटलं. काय साफ सुटलं होतं!

दादा लालबुंद. "लटकवलेलं पाडायचं, ही कुठली अक्कल? वेल्डिंग मारून टाक कायमचं!"

"खटका निघाला तर मी सांगाडाही काढून नेईन," मी म्हणालो. भर बाजारात आम्ही दोघे टकले भाऊ कडाकडा भांडलो. शेवटी ओल जाईल म्हणून त्यानं खटका राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक हसतात म्हणून त्यानं ती पोती सोडून टाकली. मला सांगितलंही नाही. रानाकडं जाताना दादा ट्रॅक्टरवर, मी मागून चालत येत होतो. ओढ्याच्या चढाला ट्रॅक्टर लागला आणि त्याची पुढची चाकं जमिनीवरून उठायला लागली. ट्रॅक्टर मागं उलटला की वरच्या माणसाचं काय होतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "दादा, दावं ओढ!"

त्यानं ओढलं. यंत्र सुटून चढावरच्या मऊ मातीत बसलं आणि पुढची चाकं धपकन खाली आली.

दादा उतरला आणि चाकाला टेकून बसला. माझ्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. तो म्हणाला, "काहून रडून राहिला? जाय, पोती आण." दिवस मावळायच्या आत हरभरा पेरून झाला.

त्या चढाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. परवा शेजारी तो सांगाडा मागायला आला. दावं बघून म्हणाला, "हे मधीच लोंबून राहिलं. कापून टाकू काय?"

दादा ताडकन उठला. "हात लावू नको! विमानाची दोरी हाय ती."

मी गोठ्यातल्या म्हशीकडं, त्या दाव्याच्या खऱ्या मालकिणीकडं, पाहिलं.