उदबत्ती लावून निवडलेलं खुराडं

खुराड्याचं दार उघडलं, तर माझ्या कोंबड्या चोची वासून एकमेकींवर पडलेल्या. पाठीमागे उभे असलेले आमचे धाकटे भावजी म्हणाले, "वैनी, झोपल्यात."

"भर दुपारी? माना टाकून?"

वाऱ्याला इतका भिणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही. भर वैशाखातही माझ्या या दिराच्या कानांना मफलर असतो. सगळी दुखणी वाऱ्याने येतात आणि अंगात शिरायला वाऱ्याला एक कान पुरतो, हे त्यांचं शास्त्र. सेलूहून देवगाव फाट्याला एसटीने जाताना ते आधी आपली खिडकी लावतात, मग पुढच्याची, मग मागच्याची. एकदा एक बाई खवळली, "मामा, जीव गुदमरायलाय माझा!" भावजी शांतपणे म्हणाले, "गुदमरलेलं माणूस उतरल्यावर बरं होतं, बाई. वारं लागलेलं होत न्हाई." फाट्यापर्यंत खिडकी बंदच राहिली.

शेत पोरांच्या नावावर, घर पोरांच्या नावावर. माझं म्हणावं ते एवढंच, या कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांचं जुनं डालं मुंगसाने फोडलं, तेव्हा नव्या खुराड्याची जिम्मेदारी भावजींनी आपणहून अंगावर घेतली आणि सेलू गाठलं. तिथे काय झालं ते मला वेल्डिंगवाल्याने नंतर सांगितलं. त्यांनी प्रत्येक खुराड्यात पेटती उदबत्ती धरली. धूर हलला की म्हणायचे, "हे वारं खातंय, नको." एक चांगलं खुराडं होतं. दोन्ही बाजूंना जाळी, आत बसायला दांडी, कोंबडीला पंख पसरता येतील एवढी ऐसपैस जागा. तिथे तर धूर नाचलाच. शेवटी चारी बाजूंनी पत्रा ठोकलेल्या एका अरुंद पेटीत तो सरळ उभा राहिला.

"काका, याच्यात कोंबड्या ठेवायच्या का दागिने?" वेल्डिंगवाल्याने विचारलं.

"दागिन्याला वारं बाधत न्हाई," भावजी म्हणाले आणि पेटी घेऊन आले. दाटीने बसल्या की कोंबड्यांना ऊब मिळते, असं वर मलाच शिकवलं.

हिवाळा निभला. उन्हाळ्यात अंगणात कुरडया वाळत घातल्या. कोंबड्या चोच मारतील म्हणून भावजींनी त्यांना सकाळीच पेटीत कोंडलं आणि आपण काठी घेऊन राखणीला बसले. पत्रा तापत गेला. मी शेतातून आले, तेव्हा आतून आवाज नव्हता.

"झोपल्यात म्हणे! भावजी, मरायल्यात त्या. काढा भायेर!"

मागच्या कोंबड्यांपर्यंत हात पोचेना. भावजींनी पहार घातली आणि स्वतः पसंत केलेला पत्रा उचकटून काढला. एकेक कोंबडी लिंबाच्या सावलीत ठेवली. मी पायांवर पाणी शिंपडत होते, चोचीत थेंब सोडत होते. भावजींनी कानाचा मफलर सोडला आणि ते त्यानेच वारा घालायला लागले.

त्यांचं डोकं मी कित्येक वर्षांनी उघडं पाहिलं. मी या घरात आले तेव्हा ते शाळकरी होते आणि थंडीत त्यांचे कान मीच बांधून द्यायचे. आता केस पार पांढरे झालेले.

"वैनी, ही बघा, मान उचलायली."

"बोलू नका. वारा घाला."

ऊन कलेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी मी न सांगताच ते सेलूला गेले आणि जाळीचं खुराडं आणून अंगणात ठेवलं.

कोंबडा गेला, आणि तीन कोंबड्या. काळी, तांबडी आणि लंगडी जगल्या.