कावळ्याला दिलेला शब्द

एक्क्याण्णव साली मस्कतला निघालो, तेव्हा आबांनी मला आमच्या पिकअपमधूनच इंदापूरच्या एसटी स्टँडवर सोडलं. मागं उसाचं बेणं भरलेलं होतं, कारण रिकामी गाडी फिरवणं त्यांच्या लेखी पाप. इतरांचे बाप डोळे पुसत होते. माझ्या बापानं गाडी बंदसुद्धा केली नाही. "दोन वर्सं म्हंजी दोन गळीत हंगाम. जात्याल बघता बघता," एवढं म्हणून त्यांनी गिअर टाकला आणि बेणं उतरवायला गेलेही. मला फार राग आला होता.

दोनाचे पाच हंगाम झाले. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना हे सांगायला नको. चौथ्या हंगामात आबा गेले. माझा पासपोर्ट मी कामाला होतो त्या गॅरेजच्या मालकाच्या कपाटात, सुट्टी नामंजूर. तार हातात पडली तेव्हा इकडं सावडणंही उरकलं होतं.

दहाव्याला भीमेच्या काठी काय झालं, ते वर्षभरानं घरी आल्यावर धाकट्या संपतनं सांगितलं. पिंड ठेवला, समोरच्या बाभळीवर कावळे पाचपन्नास, पण एक खाली उतरेना. आमचे चुलते तात्या हात जोडून एकेक कबूल करत गेले. वहिनीला अंतर देणार न्हाय, संपतचं लगीन करीन, विहिरीचं पाणी निम्मं निम्मं घेऊ. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायचं ठरलं. तेवढ्यात संपत पुढं होऊन म्हणाला, "आबा, दादा येऊन गाडी चालू करंल." त्याचे जोडलेले हात खाली यायच्या आत कावळा पिंडावर बसला.

आबा गेले त्याच दिवशी पिकअप रानात बंद पडली होती. बैल लावून ओढत आणली ती कडुलिंबाखाली तशीच उभी होती. संपत म्हणाला, "शब्द तुझ्या नावानं दिलाय, दादा. आईच्या घशाखाली घास उतरत न्हाय."

मी मेकॅनिक माणूस. डिझेल इंजिनाला डिझेल लागतं, हवा लागते, दाब लागतो. कावळा लागत नाही, असं मी त्याला सुनावलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक घेऊन गाडीखाली शिरलो.

टाकीत गंजाचा गाळ, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, क्लचप्लेट चिकटलेली, ब्रेकचे ड्रम जाम. बारामतीला दोन खेपा करून सामान आणलं. पहिल्या दिवशी काम संपवताना मी आतला आरसा पुसून माझ्या डोळ्यांच्या बेतानं लावला. दुसऱ्या दिवशी सीटवर बसून बघतो तर आरशात नुसतं गाडीचं छत. आबा माझ्याहून वीतभर उंच होते. वारा असेल म्हणून स्क्रू पिळला. तिसऱ्या दिवशी पुन्हा छत. आईला विचारलं, तर तिनं निवडत असलेल्या तांदळातून मान वर केली नाही. "त्यांची गाडी हाय. ते त्यांच्या मापानं बसत्यात," म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही आणि आरशाला हातही लावला नाही.

दुपारी टपावर एक कावळा येऊन बसायचा. मी हातोड्यानं ड्रम ठोकत असलो तरी उडायचा नाही, ओरडायचा नाही, माझ्या हाताकडं बघत राहायचा. भर उन्हात माझ्या अंगावर काटा यायचा. मी भ्यालो होतो, आणि हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

नवव्या दिवशी पंपातली हवा काढली, तात्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. मी उतरून बॉनेटपाशी आलो, संपतनं नारळ फोडला. आईनं ओवाळलं, ते मला नाही. रिकाम्या सीटकडं बघत ती म्हणाली, "ऐकलं का? झाली चालू. आता जावा." वर बघितलं तर टपावर कावळा नव्हता.

त्या संध्याकाळी संपतनं मान खाली घालून उरलेलं सांगितलं. "निस्त्या गाडीच्या नावानं कावळा हालला न्हवता, दादा. दादा येऊन चालू करंल आन् हितंच ऱ्हाईल, असं म्हणालो मी. तवा शिवला."

मी त्याच्यावर ओरडलो. माझ्या माघारी माझा जन्म कबूल करणारा तू कोण? मस्कतचा व्हिसा पुन्हा लागलेला होता, तिकीट खिशात होतं. तिसऱ्या दिवशी मी गेलो.

गाडी त्याच दिवशी बंद पडली. बारामतीहून दोन मिस्त्री येऊन गेले, दोष सापडला नाही. पुढच्या वर्षी मी सुट्टीवर आलो, किल्ली फिरवली, चालू. गेलो, बंद. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तात्या म्हणाले भंगारात घाला, आईनं घालू दिली नाही.

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. परमुलखात दुसऱ्यांच्या गाड्या उघडताना वाटायचं, आपल्यावाचून तिकडं एक वस्तू हलत नाही. दर पत्रात विचारायचो, गाडी चालू झाली का? आणि उत्तर 'न्हाय' यावं म्हणून देवाला हात जोडायचो. भावाचा ऊस बांधावर वाळत असेल, हे मनातसुद्धा यायचं नाही.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात संपतचं पत्र आलं. "काल सहज किल्ली फिरवली आन् गाडी चालू झाली. पार लोणी देवकरपतुर जाऊन आलो, कुठं अडली न्हाय. आई म्हणती, आबांनी दादाला मोकळं केलं. आता तू तितंच सुखानं ऱ्हा."

पत्र वाचून मी एका उघड्या इंजिनाशेजारी खाली बसलो. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण जिथं आपल्यावाचून काहीतरी अडून राहतं तेच आपलं घर, आणि तिकडं आता माझ्यावाचून काही अडत नव्हतं. संपतला लिहिलं, "फार चांगलं झालं." एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.