गोत्राच्या जागी

मला चौकशा करायची खोडच आहे. कुणी भेटलं की आडनाव, गाव, कुणाचे कोण हे कळल्याशिवाय घशाखाली चहा उतरत नाही. नवरा म्हणायचा, "अगं, इथे असं विचारत नाहीत." नसतील विचारत! ऐंशीच्या दशकातलं, अमेरिकेत टेक्सासमधलं प्लेनो ते. नवरा गाडी घेऊन ऑफिसला गेला की दिवसभर माणूस नजरेला पडायचं नाही. जे एक पडायचं, त्यालाही विचारायचं नाही?

ते माणूस म्हणजे शेजारची मावशी. मावशी मीच म्हणायला लागले. साठी उलटलेली काळी बाई, शाळेतली नर्स, नुकतीच रिटायर झालेली. माझ्या बाळंतपणाला आईचा व्हिसा झाला नाही, तेव्हा हिनंच मला सांभाळलं. माझे डिंकाचे लाडू चाखून "यानं भिंत बांधता येईल" म्हणाली आणि रोज एक मागून खाल्ला.

लेकीला तेल लावता लावता मी एकदा विचारलंच, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

तिनं टेक्सासमधलंच एक गाव सांगितलं.

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी जहाज," ती म्हणाली.

तिच्या आजीची आजी लहान पोर असताना आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेली, गॅल्व्हेस्टन बंदराच्या बाजूला कुठेतरी उतरवून विकलेली. कुठल्या गावची, घरी कुठली भाषा, आई काय म्हणून हाक मारायची, काही माहीत नाही. मालकानं नवं नाव ठेवलं आणि स्वतःचं आडनाव चिकटवलं. रिटायर झाल्यापासून मावशी गावोगावच्या कोर्टांत जाऊन गुलामांच्या खरेदी-विक्रीचे जुने कागद चाळायची. त्यांत माणसांचं वय असे, गाव नसे. "मरायच्या आत मला एवढंच कळायला हवं," ती म्हणायची, "की आम्ही कुठले."

मला चैन पडेना. एखादी अंगाई राहिली असेल? एखादी शिवी तरी? मी विचारत सुटायचे, तीही न कंटाळता आठवून बघायची. एकदा म्हणाली, "भेंडी. ती आमच्याबरोबर तिकडून आली म्हणतात." मी चाट पडले. भेंडी मी जन्मभर आपलीच समजत होते.

लेक तीन महिन्यांची झाली आणि आम्ही सत्यनारायण घातला. पूजा सांगायला एक काका यायचे. आठवडाभर टेलिफोन कंपनीत इंजिनियर, शनिवार-रविवारी पॅंटवरूनच सोवळं नेसून भटजी. हॉलमध्ये नेहमीसारखा कलकलाट. सत्यनारायणाला गप्प बसलेला मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी काकांना म्हटलं, "संकल्पात मावशींचंही नाव घ्या. आईसारखं केलंय त्यांनी माझं."

"घेऊ की! गोत्र?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ज्या मूळ पुरुषापासून आपलं घराणं सुरू झालं, त्याचं नाव.

"आणि ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे?"

झालं! प्रत्येकाला चेव आला. कुणी वसिष्ठ, कुणी भारद्वाज, कुणी कौशिक. इथे जन्मलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या मुलींनीही आपापलं गोत्र ठणकावून सांगितलं. मावशी एकेकाचं तोंड बघत होती. मग म्हणाली, "मला माझं माहीत नाही."

"हात्तिच्या! त्यात काय?" काका खुलले. "ज्याला गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप. शास्त्रातच सोय आहे."

सगळ्यांना केवढा आनंद! मलाही झाला. मावशी आमच्यातली झाली, प्रश्न मिटला.

"हा काश्यप माझा कोण?" तिनं विचारलं.

"ऋषी. सगळ्यांचेच मूळ पुरुष म्हणा ना."

"नको," ती म्हणाली. "मी विसरलेली नाही. आमच्याकडून ते काढून घेतलं. त्या जागी दुसऱ्याचं नाव एकदा भरून झालंय, आता आणखी एक नको."

काकांचा हात पळीवरच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही आला. काकांचा, त्या शास्त्राचा, कुणाकुणाचा ते धड सांगता येईना. काकांनी पोथीची दोन पानं उलटली. "याला मंत्र नाही हो," ते हळूच म्हणाले. "मग मी काय म्हणू?"

"काही म्हणू नका. तिथे थांबा."

काकांनी संकल्प सुरू केला. गोत्राच्या जागी आले आणि थांबले. हॉलमध्ये चिडीचूप. कुणाची बांगडीसुद्धा वाजली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी मावशीचं नाव घेतलं, नुसतंच नाव, आणि उदक सोडायला पळीत पाणी घेतलं.

"आडनाव राहिलं," मावशी म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात ना, ते दुसऱ्याचं..."

"होतं. माझ्या बापानं ते आमचं केलंय. घ्या."

काकांनी पळीतलं पाणी परत भांड्यात ओतलं आणि पुन्हा पहिल्यापासून संकल्प म्हटला. गोत्राच्या जागी पुन्हा तेवढेच थांबले, आणि मग तिचं पूर्ण नाव घेतलं.